हौश्याच्या पोटातलं गणगोत

शालूच्या रुखवतात मायक्रोस्कोप होता. एका बाजूला बुंदीचे लाडू, दुसऱ्या बाजूला करंज्या, पाठीमागे लोकरीचा ससा आणि मधोमध लाल कापडावर हे काळं, जड, मान वाकवून उभं असलेलं यंत्र. आमच्याकडच्या बायका त्याच्याभोवती फिरून फिरून पाहत होत्या. एकीला ते उसाचा रस काढायचं वाटलं, दुसरीला शिलाई मशीनचा भाग. मी नवरदेवाची भावजय, म्हणजे खोड काढायचा हक्क माझाच. मी सरळ नवरीजवळ गेले आणि याचं काय करणार म्हणून विचारलं.

"पाणी पाहायचं," ती म्हणाली.

"पाणी तर डोळ्यानं दिसतं की."

"पाणी दिसतं, ताई. पाण्यातलं न्हाई दिसत."

मुंडावळ्या बांधलेली पोरगी भर मांडवात थोरल्या जावेला उलट उत्तर देते, तेव्हाच मी ओळखलं की हिच्याशी आपलं एक तर हाडवैर होणार, नाही तर फार जमणार. जमलं. कसं जमलं आणि त्यापायी गावाशी कसं बिनसलं, ते सांगते. गावाचं नाव मात्र सांगत नाही. भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. गावाचं नाव कुठं छापून आलं की आमचे गावपुढारी अप्पाराव चौकात बॅनर लावतात, आणि त्यांना तेवढं सुख द्यायची माझी इच्छा नाही.

हा मायक्रोस्कोप जालन्यातल्या एका बंद पडलेल्या लॅबचा. तिथलं सामान निघालं तेव्हा शालूच्या वडिलांनी तिला विचारलं होतं, लग्नात अंगठी घेतेस की हे. बी.एस्सी. झालेली पोरगी, तिनं हे घेतलं. घरात आल्यावर त्याचं नाव दुर्बीण पडलं, कारण आत्याबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाई तुळजाबाईंना, दुसरा शब्द जिभेवर बसेना. धाकटे दीर हरिओम जालन्यात सळईच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा येणार. शालू शेजारच्या गावातल्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला लागली. स्कूटीवरून आली की चहा पिऊन झाल्याबरोबर ओट्यावर दुर्बीण मांडायची, खालच्या आरशावर ऊन धरायची आणि डोळा लावून बसायची. स्वयंपाक माझ्यावर. मी पहिले काही दिवस भांडी जरा जोरात आपटली. मग एक दिवस तिनं मला हाताला धरून बसवलं.

गुरांच्या हौदातलं हिरवट पाणी होतं, एक थेंब. मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम काहीतरी सरकन गेलं. चपलेच्या तळव्यासारखा आकार, आरपार दिसणारं अंग, आणि अंगभर बारीक केस. ते केस एका लयीत हलत होते आणि त्या बळावर तो प्राणी गोल गोल वळत पुढं पळत होता. पाहता पाहता दिसेनासा झाला. शालू म्हणाली, हा पॅरामेशियम, याला पळायची फार घाई. मग तिनं कोपऱ्यातल्या कपाशीच्या बोंडातून चार धागे ओढले आणि थेंबात सोडले. आता त्याला कुंपण झालं. तो धाग्याला धडकला. मागं सरला, तोंड थोडं वळवलं, पुन्हा पुढं. पुन्हा धडकला. पुन्हा मागं, पुन्हा थोडं वळून पुढं. मला हसू आवरेना.

मी म्हटलं, ही तर तूच. ती म्हणाली, ताई, याला डोकं नसतं. मी म्हटलं, तुला तरी कुठंय.

त्या दिवसापासून भांडी आपटणं बंद झालं. मला अमिबा जास्त आवडायचा, कारण तो माझ्या स्वभावाचा. घाई नाही. अंगाचं एक टोक पुढं सरकवायचं आणि मग बाकीचं सगळं अंग सावकाश त्यात ओतायचं. एक हिरवा युग्लिना होता, तो तोंडाशी चाबूक फिरवत जायचा. आम्ही दोघी जावा ओट्यावर बसून एका थेंबाचं राजकारण बघायचो. माझा नवरा भारत ट्रॅक्टर घेऊन अंगणात आला की विचारायचा, आज कोण निवडून आलं.

एकदा शालूनं सांगितलं की हौदात आहेत त्याहून कितीतरी जास्त हौश्याच्या पोटात आहेत. हौश्या आणि पाखऱ्या ही आमची बैलजोडी. घरात ट्रॅक्टर आल्यावर सगळ्यांनी मामांना, म्हणजे आमचे सासरे काकासाहेब यांना, जोडी विकायला सांगितलं होतं. मामांचं उत्तर ठरलेलं: मिरचीच्या ओळीत तण काढायचं कोळपं धरायला ट्रॅक्टर शिरत न्हाई. खरं कारण वेगळं होतं. काकासाहेबांना सकाळी उठल्या उठल्या कुणाशी तरी बोलायला लागतं आणि आत्याबाई सकाळी बोलत नाहीत. तर शालूचं म्हणणं, कडबा बैल नुसता चावतो. पचवतात ते पोटातले. ते नसतील तर बैलापुढं कडब्याची गंज लावली तरी तो उपाशी मरेल.

मामा हसले. "मंग मी वैरण कुणासाठी टाकून राह्यलो?"

"त्यांच्यासाठी," शालू म्हणाली.

मामांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू पोरीला ऊन लागलंय.

आता पोळ्याचं सांगते. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, वेशीत तोरणाखालून मिरवणूक, आणि मग दारात पाय धुऊन, ओवाळून पुरणपोळी चारायची. घरोघरी बैल होते तेव्हा ज्याच्या त्याच्या बैलाला ज्याची त्याची पोळी मिळायची. आता दारोदार ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला हार घालता येतो, फुगे बांधता येतात, पण पोळी कुठं चारणार? रीत तर मोडायची नाही. उरलेल्या दोन-चार जोड्याही बाजारात गेल्या आणि आमची एकटी राहिली, तेव्हा गावानं सोपा मार्ग काढला. काकासाहेबांची जोडी आहे की. सगळं गाव ताट घेऊन आमच्या दारात.

त्यात अप्पारावांचा मान पहिला. एके काळी त्यांच्या घरचा बैल तोरणाखालून आधी जायचा. बैल त्यांनी कधीच विकले, मान तेवढा घरात ठेवला. त्यांची पोळी ताटाएवढी, तुपात भिजलेली, आणि ती आधी गेली पाहिजे.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला सकाळीच शालूनं मामांना एकदा सांगून पाहिलं. एकेक पोळी ठीक, पण एवढं पुरण आणि गहू एकदम पोटात गेलं तर आत सगळं आंबेल, आतले मरतील. मामा म्हणाले, "आवतन दिलंय त्याला. दारात आलेलं ताट परत कसं लावू?" त्यांना ते खरंच जमत नव्हतं. दारातल्या माणसाला नाही म्हणायचं त्यांच्या घराण्यात कुणी शिकवलेलं नाही. मग आत्याबाई शालूला म्हणाल्या, सणाच्या दिवशी मरायचं नाव घेऊ नको, आणि विषय संपला.

पाखऱ्या खाण्याच्या बाबतीत नखरेल. दोन-चार पोळ्या हुंगून त्यानं तोंड फिरवलं. पण हौश्याचं नाव उगाच हौश्या नाही. तो प्रत्येक ताटापुढं जीभ काढायचा. पोळी, घुगऱ्या, वर गुळाचा खडा, जे येईल ते. लोकांना कौतुक. बाया त्याच्या कपाळाला कुंकू लावत होत्या, पोरं व्हिडिओ काढत होती, आणि कुणी म्हणत होतं, देव प्रसन्न आहे. शालू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचं तोंड पाहून मीच तिथून निघून आत गेले.

तिन्हीसांजेला हौश्या रवंथ करेना. सकाळी तो बसलेला होता, मान एका बाजूला टाकून. पोटाची डावी बाजू तटतटून फुगलेली, शेण पातळ आणि आंबूस, डोळे खोल. शिंगांवरचा हिंगूळ अजून ओला असावा तसा चमकत होता. मामा त्याचं एक शिंग धरून जमिनीवर बसले होते. मामा बैलाशी बोलत नाहीत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तालुक्याहून डॉक्टर अर्पिता आल्या. शालूच्याच वयाच्या, मोटारसायकलवर, मागे औषधांची पेटी. त्यांनी पोटावर नळी लावून ऐकलं, मग घशातून रबरी नळी घालून आतलं थोडं पाणी काढलं. राखाडी, दुधाळ, नाकात जाणारा आंबट वास. शालूनं विचारलं, एक थेंब मिळेल का. डॉक्टरांनी विचारलं कशाला, तर शालूनं ओट्याकडं बोट दाखवलं. डॉक्टर त्या सगळ्या गडबडीतही खूश झाल्या.

शालूनं काच आधी तळहातावर चोळून कोमट केली, कारण पोटातल्या जिवांना गारठा लागला की ते थांबतात, आणि मग मेलेले कोण नि गारठलेले कोण ते कळत नाही. थेंब ठेवला, डोळा लावला. मग डॉक्टरांना जागा दिली, मग मला. मी पाहिलं. लांबट, गोल, लहान-मोठी अंगं पडलेली होती. काही फुटलेली. केस होते, पण हलत नव्हते. मी काच सरकवली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कुठंच काही हलत नव्हतं. हौदाच्या एका थेंबात मी एवढी गर्दी पाहिली होती, आणि इथं एवढ्या मोठ्या जनावराच्या पोटात सुतक. मला रडू आलं, आणि रडू येण्याआधी राग आला.

डॉक्टरांनी खायचा सोडा पाजला, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. म्हणाल्या, आंबटपणा मी उतरवते, पण नुसतं तेवढ्यानं भागणार नाही. आत पुन्हा वस्ती बसवावी लागेल. धडधाकट जनावराच्या पोटातलं पाणी काढून याच्या पोटात घालायचं. पाखऱ्याचा थेंब पाहिला तर त्याच्यातही जेमतेम काही हलत होते, त्याच्याकडून घेणं म्हणजे दोघांनाही घालवणं. मग भारत गावात फिरला. म्हशी आहेत, गायी आहेत. आदल्या दिवशी पोळी चारायला सगळं गाव आलं होतं. आता म्हशीच्या घशात नळी घालू द्यायला एक घर तयार होईना. दूध आटेल म्हणाले. बिलकुल न्हाई म्हणाले. एकानं तर दारच लावून घेतलं.

तेव्हा शालूनं विचारलं, बकऱ्याचं चालेल का.

तो दिवस कर होता. पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावण संपलेला असतो, महिनाभर तोंड बांधून बसलेलं गाव त्या दिवशी मटणावर तुटून पडतं. खाटकाच्या दुकानापुढं सकाळपासून रांग असते आणि बकऱ्यांच्या पोटातला चारा मागच्या खड्ड्यात फेकलेला असतो. डॉक्टरांनी विचार केला आणि सांगितलं, चालेल, मेंढ्या-बकऱ्यांचं वापरलेलं मी पाहिलंय. पण ताजं पाहिजे, कोमट पाहिजे आणि भरपूर पाहिजे. दुपारी परत येते म्हणाल्या आणि दुसऱ्या गावाला गेल्या. पोळीनं पडलेला त्यांच्या यादीतला हा एकच बैल नव्हता.

नेमके तेव्हाच अप्पाराव समाचाराला आले. त्यांच्या कानावर बातमी गेलीच होती. दारातूनच मामांना म्हणाले, "काकासाहेब, नंदी हाये तो. काल पुजला अन् आज त्याच्या पोटात कसायाकडचं पाणी घालता? बैल बाटंल. गावाचा पोळा बाटंल."

मामांनी मान खाली घातली. मी दातओठ खाल्ले. शालू पायरी उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"काका, तुमच्या हातातल्या पिशवीत काय हाये?"

पिशवी काळी होती आणि खालून ओली होती. अप्पारावांनी ती पाठीमागं घेतली.

"तुम्ही बकरा खाऊन राह्यले, तुम्ही न्हाई बाटत. ह्याला तर बकऱ्यानं खाल्लेला पाला पाह्यजे फक्त."

अप्पाराव मामांकडं पाहू लागले, सुनेला आवरा म्हणून. मामा हौश्याच्या शिंगाकडंच पाहत होते. शालू कुणाच्या हो-नाहीची वाट न पाहता आत गेली, चहाचा मोठा थर्मास आणि एक भगोनं घेऊन बाहेर आली. मी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा उचलला, डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या मागं निघाले. या घरच्या दोन सुना भर दिवसा खाटकाच्या दुकानाकडं चालल्या, हे पाहायला दारादारात माणसं उभी राहिली. राहू देत. त्यांनी आदल्या दिवशी आमचं दारही असंच भरून टाकलं होतं.

खाटीक भला माणूस. बैलासाठी पाहिजे म्हटल्यावर त्यानं काही विचारलं नाही. नुकत्याच कापलेल्या बकऱ्याचं पोट त्यानं आमच्यासमोर उघडलं. आत हिरवा, ओला, वाफाळता चारा. आम्ही तो लुगड्यात घेऊन मुठींनी पिळला. कोपरापर्यंत हात हिरवे झाले. थर्मास भरला, उरलेलं भगोन्यात घेतलं आणि जवळजवळ पळत घरी आलो.

भगोनं ओट्यावर ठेवून शालू डॉक्टरांना फोन करायला रस्त्यावर गेली, कारण आमच्या घरात रेंज नाही. मी हात धुवायला गेले. तेवढ्यात आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्या सकाळपासून कुणाशी बोलल्या नव्हत्या. बैल त्यांचाही होता. त्यांनी भगोन्यात पाहिलं आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं. खाटकाकडून घरात काहीही आलं की आधी हळद-मीठ लावून धुवायचं. त्यांनी मूठभर मीठ टाकलं, हळद टाकली, चुलीवरचं गरम पाणी ओतलं आणि नीट ढवळलं.

शालूनं परत आल्यावर भगोन्यातला थेंब काचेवर घेतला. पाहिलं. दुसरा घेतला, पाहिलं. मग नाक भगोन्याजवळ नेलं. "आत्याबाई, ह्यात काय टाकलं?"

"हळद-मीठ. तसंच कसं घालायचं त्याच्या पोटात?"

तिच्या जागी मी असते तर आकांत केला असता. शालूनं आत्याबाईंना हाताला धरून दुर्बिणीपुढं बसवलं. इतकी वर्षं ते यंत्र घरात होतं, पण त्यांनी कधी डोळा लावला नव्हता. आधी त्यांनी नको तो डोळा मिटला, मग दोन्ही मिटले. शेवटी जमलं. शालूनं त्यांना आधी भगोन्यातला थेंब दाखवला. आत्याबाई म्हणाल्या, कचरा दिसतोय. मग तिनं थर्मासातला थेंब कोमट काचेवर ठेवला.

आत्याबाई हलल्याच नाहीत. मला त्यांच्या खांद्यावरून फक्त त्यांचा कान दिसत होता. आत काय चाललंय ते मला नंतर दिसलं: बारके झटके देत पळणारे, मोठे अंगभर केस हलवत संथ लोळत जाणारे, एकाच्या आरपार अंगात पाल्याचा कण अडकलेला, सगळे एकमेकांवर आदळत, वळत, पुन्हा घुसत.

"हे जित्ते हायेत," आत्याबाई म्हणाल्या.

"हां."

"अन् त्या पयल्यातले?"

आत्याबाईंनी डोळा काढला आणि भगोन्याकडं पाहिलं. पिवळंधमक झालं होतं. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, थर्मासाकडं बोट दाखवून म्हणाल्या की एवढ्यानं भागणार नाही. "चल. मी येते. मला न्हाई म्हणायची कुणाची हिंमत हाये ते पाहू."

आयुष्यात खाटकाच्या दुकानाची पायरी न चढलेली ती बाई रांगेच्या पुढं जाऊन उभी राहिली. रांग दोन पावलं मागं सरली. शेजारणीकडचा थर्मास आणला होता, तोही भरला. परत येताना एक थर्मास आत्याबाईंनी पदराखाली पोटाशी धरला. मी म्हटलं, थर्मासातलं गार होत नसतं. त्या म्हणाल्या, तुला काय माहीत.

दुपारी डॉक्टरांनी नळी घातली. मामांनी हौश्याची मान धरली आणि आम्ही ते हिरवं पाणी ओतलं. त्या दिवशी काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आल्या, पुन्हा पाणी आणलं, पुन्हा ओतलं. गावात बोलणं सुरू झालं होतं की बैल बाटला आणि आता मरणार. शालूनं शाळेत रजा टाकली. ती गोठ्यात बसायची, थोडा थोडा हिरवा मका त्याच्या तोंडापुढं धरायची, आणि त्यानं तोंड फिरवलं की धरलेला हात तसाच ठेवायची. मला वाटायचं, ही आता मोडणार. तिचे डोळे लाल झाले होते. पण हात खाली येत नव्हता.

त्यानंतरच्या सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि शालू माझ्याजवळ बसली होती. मामा गोठ्यातून आत आले. ते कधी स्वयंपाकघरात येत नाहीत. उंबऱ्यात उभे राहून शालूला म्हणाले, "तुझे लोक कामाला लागले."

आम्ही धावत गेलो. हौश्याच्या मानेतून एक गोळा वर सरकला आणि त्याचा जबडा हलायला लागला. डावीकडून उजवीकडं, सावकाश. शालू तिथंच जमिनीवर बसली आणि हमसून रडली. मामांनी त्या दिवशी दुर्बिणीला डोळा लावला. कितीतरी वेळ पाहून त्यांनी एवढंच विचारलं, की ह्यांना गूळ आवडत न्हाई का. शालू म्हणाली, थोडा आवडतो.

हौश्या उठला, कोळप्याला जुंपला, मिरची निघाली. पण गावाच्या लेखी तो बाटलेलाच. या वर्षी पोळा आला तेव्हा अप्पारावांनी निरोप धाडला की काकासाहेबांची जोडी तोरणाखाली येऊ नये. मामा बरं म्हणाले. आम्ही दारातच खांदे मळले, शिंगं रंगवली, ओवाळलं. वेशीतून हलगी ऐकू येत होती. भारत ट्रॅक्टर घेऊन तिथं होता, त्यानं येऊन सांगितलं ते असं. ट्रॅक्टरांची रांग लागली, अप्पारावांचा पहिला. तोरण त्याच्या सायलेन्सरच्या नळीत अडकलं, आंब्याची पानं जळाली आणि सगळीकडं धूर झाला. मग जुनी माणसं बोलायला लागली की हा काय पोळा. आणि बायका ताटं घेऊन उभ्या, पोळी कुणाला चारायची?

थोड्या वेळानं अप्पाराव स्वतः आमच्या दारात आले. मामांकडं न पाहता म्हणाले, चला, झालं गेलं सोडा.

मामा म्हणाले, "येतो. पन कासरा शालूच्या हातात राहील."

बाईनं तोरणाखालून बैल न्यायचा, असं आमच्याकडं कधी झालं नव्हतं. अप्पारावांनी तोंड उघडलं, धुराचा वास अजून येत होता, त्यांनी ते मिटलं. शालू पुढं, हौश्या-पाखऱ्या तिच्या मागं, आणि आम्ही दोघी, मी आणि आत्याबाई, त्यांच्या मागं. शालू नव्या जोडलेल्या तोरणाखाली थांबली. अप्पारावांनी ताट पुढं केलं. तीच ताटाएवढी, तुपात भिजलेली मानाची पोळी. त्यांच्या मागं सगळ्या गावाची ताटं. हौश्यानं जीभ बाहेर काढली. त्याला काय, तो हौश्याच.

शालूनं एका हातानं त्याचा कासरा आखडला आणि दुसऱ्या हातानं ती पोळी ताटातून उचलली.

"ह्याला आवतन दिलंय, तवा ताट परत जाणार न्हाई," ती म्हणाली. "पन ह्याच्या वाटची मी खाणार. दरसाल. ज्यांना चारायची हौस हाये त्यांनी मला चारा."

आणि ती तिथं, तोरणाखाली, सगळ्या गावासमोर पोळी खायला लागली. हलगीवाल्याचा हात थांबला होता. आत्याबाईंनी पदरातून हिरव्या मक्याची पेंडी काढून हौश्याच्या तोंडाशी धरली. पोळी मोठी होती, शालूला एकटीला संपण्यासारखी नव्हती, म्हणून तिनं मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मी ती सगळी खाल्ली, बोटाचं तूपसुद्धा चाटलं. पुरणात गूळ कमी पडला होता. तेही मी अप्पारावांना तिथंच सांगितलं.